मागचे डावे दार

गाडी सुरू करण्यापूर्वी मागचे डावे दार उघडायचे, एखादे पान लावून होईल इतका वेळ ते धरून उभे राहायचे, मग वाकून, कुणाचा पदर बाहेर राहिला असेल तो आत सारावा तसा हात फिरवायचा आणि दार हलकेच लावायचे. त्यानंतरच इंजिनाला हँडल मारायचे. आणि हे कशासाठी, ते विचारायचे नाही.

अमरावतीच्या राजापेठेत बापूसाहेब वकिलांच्या घरी नियमांना तोटा नव्हता. जेवताना हसायचे नाही, दिवेलागणीला केस विंचरायचे नाहीत, पक्षकार बसले असताना मुलींनी बैठकीतून जायचे नाही. पण त्या नियमांना निदान कारणे होती, मग ती खोटी का असेनात. या एकाच नियमाला कारण नव्हते, आणि म्हणूनच की काय, तो सगळ्यांत कडकपणे पाळला जाई. चारुशीलेच्या आईला तर या घरात लग्न होऊन आल्यावर स्वयंपाकघराच्या आधी हाच नियम दाखवला गेला होता. तिनेही विचारले नाही. ती विचारणाऱ्यांतली नव्हती.

चारुशीला होती. सातव्या वर्षी तिने आजोबांना, ते दार धरून उभे असताना, सरळ विचारले होते, "आजोबा, कोण बसतंय?" आजोबा सहा फूट उंचीचे, कोर्टात ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने साक्षीदार गडबडत, असे गृहस्थ. ते रागावले नाहीत. त्यांनी दार लावले, गाडीची किल्ली खिशात टाकली आणि बाहेर जाण्याचा बेत रद्द करून घरात जाऊन पडले. गोदावरी आत्याने मात्र चारूच्या दंडाला असा चिमटा काढला, की त्याची आठवण तिला बी.एस्सी. होईपर्यंत पुरली.

आजोबा गेल्यावर काही वर्षांनी गाडी परसातल्या टिनाच्या शेडमध्ये गेली. सन एकोणतीसची, कापडी टपाची, रुंद पायदानाची ती गाडी चारूच्या वडिलांनी, बापूसाहेबांनी, तोवर चालवली होती, पण मग तेही सोडले. तिच्यावर आधी ताडपत्री आली, मग जुनी कपाटे आली, मग मांजरीने टपात पिले घातली. एकसष्ट साली चारू पास झाली, तेव्हा गाडीचे फक्त दिवे दिसत होते आणि त्यांतला एक फुटलेला होता.

त्याच उन्हाळ्यात चारूला अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवण्याची जागा मिळाली. दिवाळीनंतर रुजू व्हायचे होते. आठवडाभर कुंदामावशीकडे राहायचे, शनिवारी घरी यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे, असा तिचा सरळ हिशेब होता. घरच्यांना तो वाकडा दिसला. तरण्या मुलीने एस.टी.त धक्के खात जायचे? लोक काय म्हणतील? वकिलांना मुलीची कमाई लागते म्हणतील! महिनाभर रोज संध्याकाळी याच विषयाचे दळण चालले, आणि एका रविवारी, बैठकीत चारचौघे चहाला बसलेले असताना, बापूसाहेबांनी विनोद केला.

"आजोबांची गाडी चालू करून दाखव," ते म्हणाले, "आणि त्या गाडीतून खुशाल जा अकोल्याला. मी अडवणार नाही."

सगळे पोट धरून हसले. चारू हसली नाही. "शब्द?" तिने विचारले.

"शब्द!" बापूसाहेब बशीतला चहा भुरकत म्हणाले.

"बापू, काही भलतंच बोलू नकोस," आतून आत्याचा आवाज आला. पण वकिलाचा शब्द पाच साक्षीदारांसमोर गेला होता.

दुसऱ्याच दिवशी चारूने बडनेरा रोडवरच्या देवमन मिस्त्रीला घरी आणले. देवमन लष्करात ट्रक दुरुस्त करून आलेला, तोंडात कायम तंबाखूची गोळी, आणि जिभेवर कायम काहीतरी चरचरीत. त्याने शेडमध्ये एक फेरी मारली, बॉनेट उचलून आत पाहिले, एका मांजराला हाकलले आणि म्हणाला, "हे गाडी नोहे ताई. हे बसेल म्हैस हाये. उठवाले चार मानसं लागतीन."

"मग आण चार माणसं."

"चार कायले? तुमी एकल्याच पुरे हा," देवमन म्हणाला, आणि त्या दिवसापासून दोघांचे जमले.

तो सगळा पावसाळा चारूने ग्रीस, घासलेट आणि पॉलिशकागद यांत काढला. तिच्या हातांना वास येतो म्हणून आत्याने तिला देवघरात यायची बंदी केली, आणि चारूला त्याचे काडीचे दुःख झाले नाही. नागपूरच्या भंगारबाजारातून एक रेडिएटर आला. टायर अकोल्याहून आले. फुटलेल्या दिव्याच्या जागी एका मोडीत निघालेल्या मोटारीचा दिवा बसला आणि गाडी किंचित तिरळी दिसू लागली. जुनी गाडी जशीच्या तशी उभी करण्यात चारूला रस नव्हता. ती आता तिची गाडी होती, आणि तिला हवी तशी होणार होती. काळा रंग खरवडून तिने गाडीला नारिंगी रंग दिला आणि वर हिरव्या कापडाचा टप चढवला.

"संत्रं केलंस की गाडीचं!" बापूसाहेब शेडच्या दारात उभे राहून ओरडले. "ही गाडी कोर्टापुढे उभी राहिली तर माझं काय होईल?"

"तुम्हांला कोण नेणार आहे कोर्टात?" चारू गाडीखालून म्हणाली.

"मी तं म्हनतो, एकदम झाक झालं," देवमनने ठिणगी टाकली. "चांदूर बाजारच्या बगीच्यातून आत्ता तोडून आनल्यावानी दिसते. वर पान बी हाये."

पहिली बारीकशी गोष्ट पुढची सीट काढली त्या दिवशी सापडली. देवमन पेडलांशी उलटा पडून झटत होता. तिथूनच त्याने विचारले, "ताई, तुमचे आजोबा बुटके होते का?"

"सहा फूट होते."

"अन् डायवर?"

"ड्रायव्हर नव्हताच कधी. आजोबा चालवायचे, नंतर बाबा. तेही उंचच आहेत."

"मंग हे कोनाच्या पायासाठी?"

चारूने वाकून पाहिले. क्लचच्या आणि ब्रेकच्या पेडलवर सागवानाचे एकेक ठोकळे तारेने घट्ट बांधलेले होते. पाय आखूड असलेल्या माणसाला पेडल पोचावे म्हणून कुणीतरी ते मुद्दाम करून घेतलेले असावेत. चारू स्वतः जेमतेम पाच फुटांची. तिने खोके ठेवून त्यावर बसून पाय लावून पाहिले, तर जणू तिच्याच मापाने केलेले. क्लचच्या ठोकळ्यावर पुढच्या बाजूला नखाने उमटवाव्यात तशा बारीक अर्धगोल खुणा होत्या, एकीवर एक, पुष्कळ.

"जोडव्याच्या हायेत," देवमन म्हणाला. "माया बायकोच्या शिलाई मशीनच्या पायट्यावर अस्सेच ओरखडे हायेत."

त्या संध्याकाळी आत्या अंबाडी निवडत बसली होती. चारूने सहज विचारल्यासारखे विचारले, "आत्या, आजोबांच्या गाडीच्या पेडलांवर ठोकळे कुणी बसवले होते?"

"त्या गाडीत कधी कुणी बाईमाणूस पुढे बसलेलं नाही," आत्या म्हणाली.

"मी बाईमाणसाचं कुठे विचारलं? मी ठोकळ्याचं विचारतेय."

आत्याचे हात चुकू लागले. अंबाडीच्या काड्या सुपात पडू लागल्या आणि पाने केरात. चारूने ते पाहिले, मनात नोंदले, आणि या घरातल्या वडीलधाऱ्यांना साध्या प्रश्नाचे साधे उत्तर देता येत नाही याबद्दल तिला नेहमीची चीड आली. जुने ठोकळे किडलेले होते. तिने त्याच मापाचे नवे सागवानी ठोकळे करून घेतले, काचेसारखे गुळगुळीत.

दुसरी गोष्ट पाट्यांची, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांची. गाडी मागून डाव्या अंगाला बसत होती. देवमनने पाटे बदलले, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तशीच, दमलेल्या माणसाने एका कुल्ल्यावर भार द्यावा तशी, डावीकडे झुकलेली. त्याने पाटे पुन्हा बदलले, पुन्हा तेच. "हिले आदत पडली," तो डोके खाजवत म्हणाला. तेव्हा चारूने मनात घोळत असलेला बेत सांगितला. मागची सीट काढून टाकायची. तिथे शाळेची काचेची नळकांडी आणि तराजू न्यायला कप्प्याकप्प्यांची लाकडी पेटी बसवायची. आणि त्या मागच्या डाव्या दाराच्या बिजागऱ्या सडल्याच आहेत, तर दार कायमचेच काढून तिथे अखंड पत्रा ठोकायचा.

"दारच बुजवता?" देवमनने विचारले. "घरी विचारलं?"

"त्या दाराबद्दल आमच्या घरी विचारायचं नसतं," चारू गोड हसून म्हणाली.

ज्या दिवशी पत्रा बसला त्या दिवशी गाडी प्रथमच चारी चाकांवर सारखी उभी राहिली. दाराचेच वजन असणार, चारूने ठरवून टाकले. उजव्या बाजूलाही तेवढेच, तसेच दार आहे, हे बी.एस्सी. झालेल्या मुलीला कळत नव्हते असे नाही. पण उत्तर सोयीचे होते, आणि रंगाचा दुसरा हात द्यायचा राहिला होता.

दिवाळी संपली. कँपातल्या मोकळ्या रस्त्यांवर देवमनने तिला पक्के शिकवले, लायसन्स झाले, आणि एका सोमवारी सकाळी राजापेठेतली निम्मी गल्ली ती संत्र्याची गाडी पाहायला गोळा झाली. बापूसाहेबांचा चेहरा खटला हरल्यासारखा होता, पण त्यांनीच नारळ फोडला, आणि कुणी पाहत नाही असे वाटून मडगार्डवर हातही फिरवला. आईने डबा दिला. तेवढ्यात आत्या नऊवारीचा ओचा सावरत गाडीच्या डाव्या बाजूला गेली आणि तिथेच थबकली.

"दार कुठाय?" तिने विचारले.

"नाहीच आहे दार," चारू स्टिअरिंगवरून म्हणाली. "आता नियमाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

तिला वाटले होते आरडाओरडा होईल. त्याची तिने तयारीही केली होती, दोन-तीन झणझणीत वाक्ये ओठांवर आणून ठेवली होती. पण आत्याने पत्र्यावर, जिथे पूर्वी मूठ होती तिथे, तळवा टेकवला आणि ती बापूसाहेबांकडे पाहत राहिली. बापूसाहेब नारळाची करवंटी हातात घेऊन उभे होते. देवमनने हँडल मारले, इंजिन खोकले, मग खणखणीत आवाजात बोलू लागले, आणि पोरे ओरडत मागे धावली. आत्याचा हात पत्र्यावरून गाडीच्याच वेगाने सुटला.

बडनेरा मागे पडले तशी चारू मोठ्याने गाऊ लागली. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, बैलगाडीवाले वळून वळून पाहत होते आणि एकाने तर चक्क मुजरा केला. मूर्तिजापूरला ती नत्थुजीच्या हॉटेलासमोर चहाला थांबली. नत्थुजीने गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, चहा दिला, आणि रस्त्याकडे पाहत म्हणाला, "बाईचा चहा आत्ताच टाकू का आल्यावर?"

"कुठल्या बाई?"

"तुमच्या मांगून पायी येऊन राहिल्या थ्या. हात करून राहिल्या होत्या तुमाले."

चारूने मागे पाहिले. बाभळी होत्या, धूळ होती, एक सायकलवाला होता. "माझ्या सोबत कुणी नाही," ती म्हणाली.

"असं का," नत्थुजी म्हणाला, आणि कपबशा विसळू लागला.

बोरगावच्या अलीकडे रेल्वेचे फाटक बंद होते. मालगाडी जाऊन फाटक उघडले तरी फाटकवाला दांडा धरून उभाच. "येऊ द्या त्याईले," तो म्हणाला, "मंग सोडतो." कुणाला येऊ द्या, हे चारूने विचारले नाही. तिने भोंगा असा दाबला की तो दचकून बाजूला झाला.

शाळा चांगली निघाली. मुली हुशार होत्या आणि शिक्षिका गाडीतून येते म्हणून तिच्यावर जीव टाकत होत्या. कुंदामावशी तिला अहोरात्र साबुदाण्याचे वडे खाऊ घालत होती. शनिवारी परतताना मूर्तिजापूरला चारू थांबायचेच नाही असे ठरवूनही थांबली, आणि नत्थुजी काही बोलायच्या आत म्हणाली, "एकच चहा."

"एकच देतो," तो समजूतदारपणे म्हणाला. "पन ताई, आज लय जवळ आल्या व त्या बाई. धापा टाकून राहिल्या."

माणसाला भीती वाटण्याआधी राग येतो की नंतर, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर असते. चारूला आधी राग आला. घरच्यांचा, नत्थुजीचा, फाटकवाल्याचा, सगळ्यांचा. पुढच्या सोमवारी बडनेऱ्याच्या पुढे, भर उन्हात, तिने गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवून खाली उतरली. रस्त्यावर कुणीही नव्हते. प्रयोग करून पाहायला काय हरकत आहे, तिने स्वतःला सांगितले. विज्ञान शिकवतो आपण. मग तिने पुढचे डावे दार, आपल्या शेजारच्या सीटचे दार, फाडकन उघडले आणि रिकाम्या रस्त्याकडे पाहून म्हणाली, "यायचं तर या. पायी कशाला येता?"

एखादे पान लावून होईल इतका वेळ गेला. कपाशीवरून वारा आला. गाडी डाव्या अंगाला बोटभर बसली, अगदी हळू, कुणी संकोचाने बसावे तशी. चारू दार लावणार तोच तिचा हात आपोआप खाली गेला आणि पायदानावरून काहीतरी आत सारून वर आला.

त्या दिवसापासून नत्थुजीने काही विचारणे बंद केले. तो दोन चहा आणू लागला आणि चारू दोन्ही पिऊ लागली.

हे कुणाला सांगितले असते तर लोकांना वाटले असते, पोर धास्तावली असेल. उलट चारू इतकी खुशीत कधीच नव्हती. जाण्यायेण्याचे तास तिला थोडे वाटू लागले. ती शेजारच्या सीटकडे न पाहता बोलत असे: नववीच्या मुलींनी ऑक्सिजन करताना काय गोंधळ घातला, हेडबाई शिंकताना कशा दिसतात, बाबांनी आता सोयरीक आणणाऱ्यांना गाडीचा रंग सांगून पळवून लावायला सुरुवात केली आहे. हसत असे. मध्येच गिअर बदलताना, का बदलला, कसा बदलला, हेही मोठ्याने सांगत असे. कुणी शिकत असल्यावर सांगावे तसे. एखाद्या सोमवारी अकोल्याला उतरताना तिच्या लक्षात येई की मूर्तिजापूरनंतरचा रस्ता आपल्याला आठवत नाही. पण अंग हलके असे, डोळे निवलेले असत, छान झोप झाल्यासारखे. थंडीचे दिवस, मोकळी हवा. प्रकृती सुधारली असेल, असे ती म्हणे, आणि खरेच तिची प्रकृती सुधारली होती.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी देवमन कार्बोरेटर साफ करून द्यायला सकाळी सकाळी घरी आला. बापूसाहेब ओट्यावर पेपर वाचत होते, आत्या वाती वळत होती. देवमनने हँडल मारून इंजिन चालू केले, हात पुसले आणि म्हणाला, "ताई, तुमी भल्याच मोठ्या मानूस झाल्या. शनिवारी बडनेऱ्याच्या नाक्यावर केवढ्यानं हाक मारली तुमाले!"

"मला नाही ऐकू आली."

"कशी येईन? तुमी तं डाव्या बाजूले मान टाकून मस्त झोपल्या होत्या. डायवर ठेवला, लय चांगलं केलं. पन बाई डायवर कुठून धरून आनली? म्या तं आयुष्यात नाई पाहिली." तो कौतुकाने हसला. "चेहरा नाई दिसला, पदर होता डोक्यावर. पन हात झकास हाये बरं तिचा. माया बाजूनं खड्डा असा वाचवला..."

ओट्यावरचा पेपर हळूहळू खाली आला. आत्याच्या हातातला कापूस मांडीवर पडला. मग आत्या उठली. सत्तरीची बाई, पायात काही न घालता पायऱ्या उतरून गाडीच्या उजव्या बाजूला गेली, दार उघडून आत वाकली आणि क्लचच्या ठोकळ्यावर तिने बोट फिरवले.

"हे कधी उमटलं?" तिने विचारले.

चारूने तिच्या खांद्यावरून पाहिले. काचेसारख्या गुळगुळीत सागवानावर बारीक अर्धगोल खुणा होत्या, एकीवर एक. आतले लाकूड अजून पिवळे, ताजे होते. चारूने स्वतःच्या पायांकडे पाहिले. चपला होत्या, आणि बोटे मोकळी.

बापूसाहेब ओट्याच्या कठड्याशी आले होते. "चारू," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला वकील कुठे गेला होता कोण जाणे, "मागचं दार पुन्हा बसवून घे. देवमन, आजच्या आज. सीटही बसव, होती तशी. तिला मागे बसू दे. इतकी वर्षं ती मागे बसली, सगळं नीट होतं."

'तिला' हा शब्द त्या घरात, त्या गाडीबद्दल, प्रथमच उच्चारला गेला होता. चारूने तो ऐकला, आणि तो आपल्याला नवा वाटला नाही हेही तिच्या लक्षात आले.

"मागे बसायला सांगितलं होतं तिला," आत्या गाडीचे उघडे दार धरून म्हणाली. "तेव्हाच ऐकलं असतं, गुमान मागे बसली असती, तर तिचा जीव तरी..." तिने पदराचा बोळा तोंडावर धरला आणि वाक्य तिथेच राहिले.

चारूला वाटले, आता आपण घाबरायला हवे. तिने क्षणभर वाटही पाहिली. पण जे वर आले ते भय नव्हते.

"म्हणजे तुम्ही सगळे मिळून इतकी वर्षं तिच्यासाठी दार उघडत होता," ती म्हणाली, "आणि तेसुद्धा मागचं!"

"वाद घालू नकोस. नाहीतर ही गाडी आजपासून बंद," बापूसाहेब घाईघाईने म्हणाले. "तुझी नोकरी मी काढून घेत नाही. मी स्वतः येऊन तुला एस.टी.त बसवून देतो. दर सोमवारी. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. झालं?"

सहा महिन्यांपूर्वी हे वाक्य ऐकायला चारूने काय वाटेल ते दिले असते. तिने इंजिनाच्या थरथरणाऱ्या नारिंगी बॉनेटवर हात ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "मागचं दार पुन्हा बसणार नाही. गाडी बंद होणार नाही. तिला मागे बसायचं नाहीये, बाबा. कधीच बसायचं नव्हतं."

"तुला काय ठाऊक? तुला कुणी सांगितलं?"

चारूने उत्तरासाठी तोंड उघडले, आणि आपल्याला हे कुणी, केव्हा सांगितले ते तिला आठवेना. मग ती हसली, तेच गोड हसू.

"मी विचारलेलं नाही," ती म्हणाली. "आपल्याकडे विचारायचं नसतं ना?"

आत्या गाडीच्या दारापासून दोन पावले मागे सरली. एवढ्यात आई डबा घेऊन बाहेर आली. तिने कुणाकडेच पाहिले नाही. डबा चारूच्या हातात देताना तिने खालच्या आवाजात एवढेच सांगितले, "पोळ्या जास्त घातल्यात."

चारूने डबा बगलेत धरला. उजव्या बाजूचे, स्टिअरिंगचे दार आत्याने उघडे टाकले होते. ते धरून ती उभी राहिली. एखादे पान लावून होईल इतका वेळ. मग तिने वाकून काहीतरी आत सारले आणि दार हलकेच लावले. गाडी उजव्या अंगाला बोटभर बसली. चारू बॉनेटपुढून वळसा घालून डाव्या बाजूला गेली, आत बसली, डबा मांडीवर घेतला आणि टपाखालून मान बाहेर काढली.

"देवमन, समोरून बाजूला हो रे," ती मजेत म्हणाली. "सुरुवातीला ती जरा जोरात काढते."